कौलं जागेवर दिसतात. छप्पर जागेवर आहे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून):

"मी डोंबिवलीत राहते. आईबाबा दापोली तालुक्यात गावच्या घरी असतात. घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. २०२०च्या 'निसर्ग' वादळात मागच्या पडवीचं छप्पर गेलं आणि पुढच्या पाखीची (छपराच्या पुढच्या उताराची) बरीच कौलं उडाली. पाऊस तोंडावर होता, म्हणून मिळतील तिथून कौलं आणून घर झाकून घेतलं. यंदा मे महिन्याच्या शेवटी पुन्हा जोराचं वादळ झालं. शेजारच्या माडाची झापं आणि नारळ छपरावर पडले. दहाबारा कौलं फुटली, ती बाबांनी बदलून घेतली. आता गळत नाही. पण माजघराच्या भिंतीवर, तुळईच्या (वासे पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या) खाली, तळहाताएवढा ओला डाग आलाय. आई म्हणते, रात्री वारा सुटला की छप्पर करकरतं. बाबा ७६ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, जुनं घर आहे, आवाज करणारच. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, सगळं उतरवून लोखंडी पत्रे घालून टाकू. त्याने पाठवलेल्या ठेकेदाराने अंगणातून वर बघितलं आणि 'सगळंच काढायला लागेल' म्हणून सांगितलं. बाबा चिडले आणि शिडी लावून स्वतःच वर चढायला निघाले. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. मला छपरातलं ओ की ठो कळत नाही. आतून काही मोडलंय का, हे ओळखायचं कसं? आणि तलाठ्यांनी पंचनाम्यात 'दहा कौले फुटली' एवढंच लिहून नेलंय. आता त्याचं काही होऊ शकतं का?"

ताई,

सगळ्यात आधी ती शिडी उचलून आत ठेवायला लावा. बाबांना "तुम्ही पडाल" असं सांगू नका. त्याने ते हट्टाने चढतील. त्यांना म्हणा, भर पावसात कौलावर पाय दिला तर धड असलेली कौलं फुटतील. हे त्यांना पटेल, कारण गावात कौलं परतायचं, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायचं, काम पाऊस लागण्याआधी का उरकतात ते त्यांनी जन्मभर पाहिलंय. शेवाळलेलं कौल निसरडं होतं, भिजलेलं कौल जड होतं, आणि खालची रीप (कौलं जिच्यावर अडकतात ती आडवी पट्टी) कुजलेली असेल तर ती माणसाचं वजन घेत नाही. छपराची तब्येत कळलेली नसताना छपरावर चढायचं नसतं. आधी खालून बघायचं.

आता तुमच्या घरातला वाद बघा. बाबा आठवणीवर बोलतायत, भाऊ पुण्यातून बोलतोय, ठेकेदार अंगणातून बोलून गेला. छपराच्या पोटात डोकावलेलं कुणीच नाही. एकाच माणसाने काहीतरी नेमकं सांगितलंय, ती तुमची आई. रोज रात्री त्या छपराखाली ती झोपते. आवाज कुठल्या खोलीतून येतो, कुठल्या अंगाचा वारा असला की येतो, मे महिन्याआधी तो येत होता का, हे तिला कुणी विचारलं का? फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. जुन्या घराचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि आवाज करतं. बाबांचं तेवढं म्हणणं खरं आहे. पण घरभर अधूनमधून येणारी कुरकुर वेगळी आणि वादळानंतर सुरू झालेला, एकाच कोपऱ्यातून येणारा आवाज वेगळा. दुसरा असेल तर तिथला एखादा सांधा हलतोय असं धरून चाला.

तुम्ही लिहिता, "आता गळत नाही", आणि पुढच्याच वाक्यात ओल्या डागाबद्दल लिहिता. म्हणजे पाणी कुठून तरी येतंय, फक्त टपकत नाही. आणि समजा तो डागही नसता, तरी गळत नाही म्हणजे छप्पर ठीक, हे गणित वादळानंतर चालत नाही. गळतीवरून कौलांचं कळतं. कौलं ज्यांच्यावर बसलीत त्या लाकडाचं त्यातून फारसं काही कळत नाही, आणि घराला धोका असलाच तर तो तिथे आहे.

वादळी वारा छप्पर दाबून मोडत असेल असं आपल्याला वाटतं. उतरत्या छपराच्या समोरच्या पाखीवर दाब येतो हे खरं. पण आढ्यावरून, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या रेघेवरून, वारा पलीकडे उतरताना मागची पाखी, आढ्याजवळच्या रांगा आणि वळचणीच्या (छपराच्या खालच्या टोकाच्या) कडा वर ओढल्या जातात. त्यात पडवी उघडी असली किंवा एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला, की खालूनही रेटा लागतो. तुमच्याकडे २०२० मध्ये पडवीचं छप्पर आधी गेलं, त्यात नवल नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारे ताशी १०० किलोमीटरच्या वर होते. दापोली-मंडणगडने ते अंगावर घेतलं. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' गुजरातकडे जाताना आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. तुमच्या घराने यंदाचं धरून निदान तीन झटके खाल्लेत आणि तपासणी एकदाही झालेली नाही, हे माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. तुम्ही ते लिहिलं नाहीत, इतकंच.

मंगलोरी कौल खिळ्याने ठोकलेलं नसतं. मागच्या नाकाने ते रिपेला अडकतं, खाचेने शेजारच्या कौलात बसतं आणि स्वतःच्या दोन-अडीच किलो वजनावर टिकून राहतं. मोठ्या झोताने असं कौल क्षणभर उचललं जातं आणि परत बसतं. अंगणातून जागेवर दिसतं, पण खाचेतून बोटभर सरकलेलं असतं किंवा नाक तुटून केवळ शेजाऱ्याच्या आधाराने थांबलेलं असतं. पुढच्या वाऱ्याला ते निघतं. तीच गत वाशांची, म्हणजे उतारावर लावलेल्या, रिपा पेलणाऱ्या लाकडांची. वासा तुळईवर ज्या खिळ्याने बसवलाय तो झटक्याने पाव इंच वर आला, तर दिसायला काहीच बदलत नाही; पण पुढच्या वादळात वासा त्या खिळ्यासकट सुटतो.

हे सगळं बघता येतं, आणि त्यासाठी छपरातलं काही कळावं लागत नाही. शनिवार-रविवार गावी जा. उघडीप असलेली दुपार निवडा. बॅटरी, मोबाइल, खडू आणि पेचकस एवढं सामान पुरे. माळ्यावर जाण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. हे नुसतं खबरदारीचं वाक्य नाही. खांबावरून घरात येणारी विजेची वायर बहुतेक घरांत वळचणीलाच अडकवलेली असते. वादळात ती ताणली जाते आणि सोबत लाकूड ओढते. वरून जुनी वायरिंग वाशांना लागून गेलेली, त्यावर ओल. वायरचं आवरण सोललेलं दिसलं तर हात लावू नका. घरातलं असेल तर वायरमन, खांबापासून मीटरपर्यंतचं असेल तर वीज कंपनीचा माणूस.

माळ्यावर गेल्यावर दारं-खिडक्या लावून पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावले की कवडसे दिसतील. घाबरू नका, कौलारू घरात कवडसे असायचेच. कौलावर कौल चढलेलं असतं, त्यामुळे उजेड येतो तिथून पाणी येईलच असं नाही. त्यांचे फोटो काढा. कवडसे विखुरलेले असतील तर चिंता कमी. एका सरळ रेषेत किंवा एकाच पट्ट्यात दाटीने असतील, तर तिथली रीप खचलीय किंवा अख्खी रांग सरकलीय.

मग लाकूड. जुनं लाकूड वयाने आणि चुलीच्या धुराने काळं पडलेलं असतं. सांधा सरकला की आतलं फिकट लाकूड थोडंसं उघडं पडतं. प्रत्येक वाशाच्या दोन्ही टोकांना, आढ्यापाशी आणि तुळईपाशी, बॅटरी मारून अशी फिकट रेघ शोधा. ताजी रेघ म्हणजे ताजी हालचाल. वर आलेले खिळे, निसटलेल्या खुंट्या, खाली पडलेला लाकडाचा नवा भुसा, सगळ्याचे फोटो. वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक सगळ्यात नाजूक, कारण जांभा पाणी पितो आणि लाकडाला ओलं ठेवतो. तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा. धड लाकडात ते जेमतेम रुततं. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर ते टोक संपलं, वरून कितीही धड दिसो. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे चढत असतील तर वाळवी आहे, आणि वाळवीला वाट बहुधा ओल दाखवते. म्हणजे जवळपास गळती आहेच.

आता तो डाग. पाणी कौलातून जिथे शिरतं तिथेच खाली पडत नाही. रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाखालून उतारावर धावतं आणि पहिला अडथळा लागेल तिथे भिंतीत मुरतं. तुळई हा तो अडथळा. तेव्हा डागाच्या डोक्यावरची कौलं बदलून उपयोग होत नाही; त्याच वाशावर उताराच्या वरच्या बाजूला, आढ्यापर्यंत, ओली रेघ शोधत जा. सापडली नाही तर दोन जागा अजून बघा. एक, मुख्य छप्पर आणि नव्याने घातलेलं पडवीचं छप्पर जिथे जुळतं तो सांधा. २०२० मध्ये घाईत झालेलं कामच ते. दुसरी, बाजूची त्रिकोणी भिंत, कारण वादळी पावसाची झड आडवी येते आणि जांभ्याच्या सांध्यातून आत मुरते. तसं असेल तर दोष छपराचा नाहीच. डागाभोवती खडूने कड आखून तारीख घाला. आईला सांगा, मोठा पाऊस झाला की नवी कड आखायची. पंधरा दिवसांत कडा बाहेर सरकत गेल्या तर गळती चालू आहे. जागच्या जागी राहिल्या तर कौलं बदलण्याआधीची ती ओल आहे, आणि जांभ्यात गेलेली ओल वाळायला पावसाळ्यात घाई करत नाही.

अंगणातून बघण्यासारखंही थोडं आहे. एका टोकाला उभं राहून आढ्याची रेघ आभाळाच्या पार्श्वभूमीवर बघा. जुन्या घराचं आढं थोडं झोळ खातंच. झोळ लांब आणि सावकाश असेल तर तो वयाचा. एकाच जागी मोडल्यासारखा कोन दिसत असेल तर तो वादळाचा असू शकतो. शंका आली तर घरातले गणपतीचे, लग्नाचे जुने फोटो काढा; कुणाच्या ना कुणाच्या मागे घराचं छप्पर आलेलं असतंच. तेव्हाची रेघ आणि आजची रेघ शेजारी ठेवा. बाबांशी वाद घालण्यापेक्षा हा फोटो जास्त काम करेल. मोबाइलचा कॅमेरा जवळ ओढून आढ्यावरच्या कौलांखालचा सिमेंटचा थर बघा, तडा गेलेला असेल तर दिसतो.

आणि शेजारचा माड विसरू नका. नारळ पडून जे कौल फुटलं ते दिसलं आणि बदललं. जे नुसतं तडकलं ते अजून वर आहे. पाऊस सरल्यावर कौलं उतरवली जातील तेव्हा प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्यायला सांगा. खणखणीत वाजलं तर परत चढवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. माडाच्या बुंध्याशी वाऱ्याच्या बाजूला माती फुगलीय किंवा भेग पडलीय का, तेही बघून घ्या. असेल तर छपराच्या आधी शेजाऱ्यांशी बोलायला लागेल, आणि ते बोलणं बाबांनीच केलेलं बरं.

२०२०च्या त्या "मिळतील तिथून" आणलेल्या कौलांबद्दल थोडं. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि त्याच धर्तीवर पुढे किनाऱ्याने कितीतरी कारखाने निघाले. दिसायला सगळ्यांचं कौल सारखं, पण साचे थोडेथोडे वेगळे. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही; मध्ये फट राहते आणि झडीचं पाणी बरोबर त्या फटीतून शिरतं. कौलावर बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. तुमच्या माळ्यावर किंवा गोठ्यामागे रचून ठेवलेल्या जुन्या कौलांवरचं नाव बघा आणि बदललेल्या कौलांवरचं नाव बघा. वेगळं निघालं तर मिसळलेल्या जागा हा तुमच्या शोधाचा पहिला पत्ता. दुरुस्तीच गळतीचं मूळ असते असं अनेकदा निघतं. गावात कुणी जुनं घर उतरवून स्लॅब घालत असेल तर त्याची कौलं बघून ठेवा. तुमच्या जुन्या कौलांवरच्याच नावाची मिळाली तर सोनं.

भावाच्या पत्र्यांकडे येऊ. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गावी कौलं परतणारी माणसं कमी झालीत, दरवर्षी त्यांची वाट बघावी लागते, आणि वादळ एकदा येतं पण वानर रोज येतात. वानरांच्या उड्यांनी फुटलेल्या कौलांना कंटाळूनच कोकणात कितीतरी घरांवर पत्रे चढलेत. पण पत्रा वादळात जास्त सुरक्षित, हे त्याने गृहीत धरलंय, ते तपासायला हवं. चौरस मीटरभर मंगलोरी छपरावर साधारण १५ कौलं असतात, म्हणजे ३५ किलोच्या आसपास वजन. पातळ लोखंडी पत्रा तेवढ्याच जागेत ४-५ किलो. लाकडावरचं ओझं उतरतं, हे चांगलं. पण वाऱ्याने उचलू नये म्हणून जे वजन छप्पर धरून ठेवत होतं, तेही जातं. कौलारू छपरात वारा एकेक कौल काढतो आणि तिथून दाब सुटतो. पत्रा सुटला तर अख्खा सुटतो, कधी खालच्या सांगाड्यासकट, आणि उडालेला पत्रा दुसऱ्याच्या अंगणात सुरी होऊन पडतो. पत्रे घालायचेच असतील तर ते सांगाड्याला, सांगाडा भिंतीला आणि भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी, असं सगळं एकमेकांत बांधलेलं हवं. ठेकेदाराच्या अंदाजात ती पट्टी आणि ते बोल्ट धरलेत का, एवढंच भावाला विचारायला सांगा. कुजक्या वाशांवर नवे पत्रे ठोकणं हा सगळ्यात वाईट पर्याय. पैसे जातात आणि लाकूड झाकलं जातं.

म्हणून पत्रे की कौलं हा निर्णय आज घेऊ नका. तपासणी आणि खरेदी या दोन कामांत फारकत ठेवा: जो माणूस पत्रे विकणार, त्याच्याकडून छपराचं निदान घ्यायचं नाही. गावातला किंवा शेजारच्या वाडीतला, कौलारू घरं बांधलेला जुना सुतार गाठा. त्याला काम देईन असं न सांगता, दिवसाची मजुरी देऊन फक्त बघायला बोलवा. तुमचे फोटो त्याला दाखवा, त्याला माळ्यावर न्या, आणि बाबांना त्याच्यासोबत राहू द्या. बाबांचा राग मला तरी पत्र्यांवर दिसत नाही. घराबद्दल त्यांना सोडून सगळ्यांना विचारलं गेलं, हे त्यांना लागलंय. कुठला वासा ऐनाचा, कुठला किंजळाचा, कुठला माडाचा, कधी बदलला, हे सांगणारा घरात दुसरा माणूस नाही.

सुताराच्या पाहणीतून तीनपैकी एक निघेल. लाकूड धड आहे आणि कौलंच सरकलीत, तर आत्ता त्या पट्ट्यावर ताडपत्री घालून घ्या आणि दसरा-दिवाळीनंतर अख्खी पाखी उतरवून पुन्हा बसवा. त्या वेळी वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या रांगा तारेने रिपेला बांधून घ्या, आणि वाशांची टोकं लोखंडी पट्टीने तुळईला. खर्च फार नाही, पण पुढच्या वादळात फरक इथेच पडतो. दोनचार वाशांची टोकं गेली असतील, तर आत्ता टेकू द्यायचे आणि लाकूड पाऊस उघडल्यावर बदलायचं. कुजकं लाकूड पावसात काढायला गेलं की आजूबाजूचं धडही उघडं पडतं. आणि आढं किंवा मुख्य तुळई तडकलीय, किंवा भिंतीचा माथा बाहेर कललाय असं निघालं, तर त्या खोलीत त्याच दिवसापासून झोपायचं नाही, लगेच टेकू, आणि मग सुतारावर न थांबता बांधकामाचा इंजिनिअर. तपासणीची वाट न बघता खोली सोडावी अशी तीन लक्षणं आईला आजच सांगून ठेवा: वरून अचानक माती किंवा भुगा गळायला लागणं, रोज लागणारं दार एकाएकी अडकणं, आणि भिंत व लाकूड यांच्यात कालपर्यंत नसलेली फट दिसणं.

तुमच्यासारखी पत्रं कौलं नसलेल्यांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. लोखंडी पत्रा असेल तर स्क्रूची भोकं बघा. पत्रा वाऱ्याने फडफडला की गोल भोक लांबट होतं आणि रबरी वायसर फाटतो, वरून स्क्रू मात्र जागेवर दिसतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांच्यावर कधीही पाय देऊ नका, ते माणसाखाली फुटतात. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा फुटलेला तुकडा कोरडा कापू-घासू नका. तोंडाला मास्क, पत्रा पाण्याने भिजवलेला, आणि तुकडे पिशवीत बांधून. स्लॅबवाल्यांनी गच्चीवरच्या टाकीचा पाया, कठड्याच्या मुळाशी पडलेली बारीक भेग आणि पाला साचून तुंबलेले पाइप बघावेत. स्लॅबला वाऱ्यापेक्षा साचलेलं पाणी जास्त सतावतं.

शेवटी पंचनामा. घर अंशतः पडलं तर आपत्ती मदतीच्या निकषांत निदान १५ टक्के नुकसान असावं लागतं. "दहा कौले" या नोंदीवर तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. तलाठ्यांनी दिसलं ते लिहिलं. माळ्यावर ते चढले नसतील आणि त्यांना कुणी चढायला सांगितलंही नसेल. तुमच्या पाहणीत वासे, तुळई किंवा आढं दुखावलेलं निघालं, तर तारखेसह फोटो, सुताराने लिहून दिलेला अंदाज आणि पहिल्या पंचनाम्याची नक्कल जोडून तहसीलदारांच्या नावे फेरपाहणीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही. जितके दिवस जातील तितकं अवघड होतं, हे मात्र खरं. तोवर तुटलेलं लाकूड, फुटकी कौलं टाकून देऊ नका, आणि दुरुस्तीआधीचा एकही फोटो पुसू नका. अर्जाआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८चा उतारा काढून बघा, घर कुणाच्या नावावर आहे ते. कोकणात बहुतेकदा ते अजून आजोबांच्याच नावावर निघतं, आणि मग मदत कुणाच्या खात्यात जमा करायची यावर चुलत्यांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं. तसं असेल तर बाबांना कामाला लावा. शिडीपेक्षा हे काम त्यांनाच जास्त चांगलं जमेल.